तपासणीचीही मजुरी द्या

आमच्या घरी वडिलांच्या वेळची, 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. धंद्याला आता टेम्पो आहे, घरच्यांसाठी दुसरी गाडी आहे, तरीही ही गाडी मी काढली नाही. मालेगावहून नाशिकला वसुलीला जाताना वडील मागच्या सीटवर कापडाची थाने टाकून हीच गाडी घेऊन जात. गेल्या वर्षी ती बिघडली. त्या बिघाडात माझे पैसे गेले, थोडी अब्रूही गेली, आणि आपल्या धंद्याच्या कामाची एक गोष्ट कळली. ती व्यापारी बंधूंपुढे आणि कारागीर बंधूंपुढे मांडावी म्हणून हा लेख.

गाडी सुरू व्हायची, पण जागेवर उभी असली की थरथरायची आणि मधूनच बंद पडायची. अ‍ॅक्सिलेटर दाबला की आधी एक आचका द्यायची, मग पुढे सरकायची. चांदवडकडे जाताना राहुड घाटात तर तिला धाप लागल्यासारखी व्हायची. मागून ट्रकवाले हॉर्न मारीत. मिस्त्री लोक याला ‘मिसिंग मारते’ म्हणतात.

मी गाडी एका मोठ्या शहरातल्या चकचकीत गॅरेजात नेली. तेथल्या मुलाने बॉनेट उघडले, दोन मिनिटे इंजिनाचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, “कार्बोरेटर गेला. नवा टाकावा लागेल.” नवा कार्बोरेटर बसवणुकीसह 5,200 रुपयांना पडला. तपासणीचे त्यांनी काही घेतले नाही. ‘माणसे बरी आहेत, पाहण्याचे पैसे लावले नाहीत,’ असे मी मनात म्हटले. हीच माझी चूक होती.

चार दिवस गाडी बरी चालली. पाचव्या दिवसापासून पेट्रोलचा वास येऊ लागला. मागून काळा धूर. लिटरला 12 किलोमीटर जाणारी गाडी 8 वर आली. उभ्या गाडीची थरथर होती तशीच राहिली.

तीनशे रुपयांची लाज

आमच्या मोहल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर एक वयस्कर मिस्त्री आहेत. सत्तरीला आलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी मारुती, या गाड्यांत त्यांचे आयुष्य गेले. मग मी आधी त्यांच्याकडेच का गेलो नाही?

त्याचे कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. तीन वर्षांपूर्वी ही गाडी अशीच मध्येच बंद पडत होती. चाचांनी अर्धा दिवस घालवून दोष शोधला. डिस्ट्रीब्युटरच्या आतली बारीक वायर वरून धड दिसत होती, पण आतून तुटलेली होती. वायर दहा रुपयांची. चाचांनी 500 रुपये सांगितले. मी म्हणालो, “चाचा, एवढ्याशा वायरचे पाचशे?” आणि त्यांच्या हातावर 200 ठेवले. त्यांनी काही न बोलता ते खिशात टाकले. तेव्हापासून त्यांच्या दुकानावरून जाताना मी दुसरीकडे पाहत असे.

आता पाहा माझा हिशेब. ज्याने अर्धा दिवस राबून खरा दोष शोधला त्याचे 300 रुपये मी कापले. ज्याने दोन मिनिटांत चुकीचा दोष सांगितला त्याला 5,200 रुपये हसत मोजून दिले, कारण त्याच्या बिलावर ‘माल’ लिहिला होता. आपल्याला मालाचे पैसे देताना वाईट वाटत नाही, हुनराचे पैसे देताना वाटते.

शेवटी मान खाली घालून चाचांकडे गेलो. त्यांनी जुनी गोष्ट काढली नाही. पहिला प्रश्न एकच विचारला, “सेठ, जुना कार्बोरेटर कुठे आहे?” नशिबाने तो मी गॅरेजातून परत मागून डिकीत टाकला होता. चाचा म्हणाले, “तो फेकला असता तर मग मात्र अवघड होते.”

आधी बाकी सारे, मग कार्बोरेटर

चाचांनी कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी दीड तास बाकीचे पाहिले. कापडवाल्यांना हे लगेच समजेल. लूमवर कापडात पट्टा पडू लागला तर आपण लूम बदलत नाही. आधी सूत पाहतो, मग बॉबिन, मग फणी, मग शटल. शहाणा फिटर स्वस्त आणि सोप्या गोष्टीपासून सुरुवात करतो. गाडीचेही तसेच आहे.

त्यांनी चारही प्लग काढून कागदावर क्रमाने ठेवले. टॅपेटचा गाळा तपासला. डिस्ट्रीब्युटरचे झाकण काढून पॉइंट पाहिले. पॉइंटवर खड्डे पडले होते आणि कंडेन्सर अशक्त झाला होता. ठिणगी पिवळट, मरगळलेली पडत होती. पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले, टायमिंग लावले. गाडीचा निम्मा आजार तेथेच गेला. चाचांचे म्हणणे असे की कार्बोरेटरच्या नावाने येणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळांचा रोग विजेचा असतो. ठिणगी वेळेवर आणि जोरात पडली नाही तर चांगले पेट्रोलही नीट जळत नाही, आणि लक्षणे मात्र अगदी कार्बोरेटर बिघडल्यासारखी दिसतात.

मग त्यांनी दुसरी गोष्ट पाहिली, हवेची गळती. कार्बोरेटर ज्या मॅनिफोल्डवर बसतो त्यामधले पॅकिंग जुने, कडक झालेले होते. तेथून बाहेरची हवा चोरून आत शिरत होती. कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरवतो. त्याच्या पाठीमागून हवा शिरली तर त्याचे प्रमाण चुकणारच. गाडी जागेवर थरथरते आणि वेगात थोडी सुधारते, याचे हे नेहमीचे कारण आहे. शहरातल्या गॅरेजने नवा कार्बोरेटर त्याच जुन्या पॅकिंगवर बसवला होता. मग थरथर जाणार कशी?

कार्बोरेटरच्या पोटात काय असते

ज्या तरुणांनी कार्बोरेटर उघडलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन हवा ओढते. ती हवा कार्बोरेटरच्या मधल्या अरुंद गळ्यातून जाते. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या छोट्या टाकीतले पेट्रोल बारीक भोकाच्या पितळी जेटमधून ओढले जाते आणि हवेत मिसळते. टाकीतले पेट्रोल एका पातळीवर राहावे म्हणून आत फ्लोट तरंगतो. तो वर आला की सुईसारखा व्हॉल्व्ह पेट्रोल बंद करतो. सावकाश चालण्यासाठी वेगळा छोटा जेट, वेगात चालण्यासाठी मोठा जेट. अ‍ॅक्सिलेटर एकदम दाबला तर पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप, त्यात रबरी पडदा. एवढीच करामत. यात बॅटरी नाही, कॉम्प्युटर नाही.

म्हणूनच लक्षणावरून दोष ओळखता येतो. चाचांनी सांगितले ते मी वहीत लिहून घेतले:

1. जागेवर थरथरते, वेगात बरी चालते: हवेची गळती, किंवा छोटा जेट तुंबलेला.
2. दाबल्यावर आचका देते: पंपाचा पडदा फाटलेला किंवा कडक झालेला.
3. चढावर दम तोडते: पेट्रोल कमी पोहोचते. फिल्टर, पेट्रोल पंप, मोठा जेट पाहावा.
4. काळा धूर, पेट्रोलचा वास: पेट्रोल जास्त. फ्लोट किंवा सुईचा व्हॉल्व्ह पाहावा.
5. कार्बोरेटरमधून उलट फटाका वाजतो: पेट्रोल कमी, हवा जास्त. टायमिंगही पाहावे.

प्रत्येक प्लगही बोलतो. टोक काजळीसारखे काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे फटक असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर प्रमाण बरोबर.

दुरुस्ती कशी झाली

चाचांनी नवा कार्बोरेटर उतरवला. त्याचा फ्लोट बोटाने वर धरून पेट्रोलच्या नळीत फुंकर मारली. हवा आत जायला नको होती, ती जात होती. म्हणजे नवा कोरा सुईचा व्हॉल्व्ह बसतच नव्हता. काळ्या धुराचे कारण हेच. माल नकली होता.

मग त्यांनी जुना कार्बोरेटर उघडला. एका ताटात पांढरे फडके पसरून प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने मांडला. प्रत्येक स्क्रू किती आटे बाहेर होता ते काढण्यापूर्वी मोजले आणि पाटीवर खडूने लिहिले. टाकीच्या तळाशी तांबूस गाळ होता, पेट्रोलच्या टाकीचा गंज. छोट्या जेटमध्ये चिकट वार्निशसारखा थर बसला होता. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे हा थर ठेवते. पंपाचा पडदा कडक होऊन कडेला चिरला होता.

मी पाहत असताना शेजारच्या एका मुलाने मदतीच्या भावनेने जेटमध्ये तार घालायला घेतली. चाचा इतके रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ. तारेने भोक साफ होते पण वाढतेही, आणि वाढलेले भोक पुन्हा लहान होत नाही. जेटवर नंबर कोरलेला असतो. आमच्या सोलेक्स जातीच्या कार्बोरेटरमध्ये तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. 120 नंबर म्हणजे भोक 1.20 मिलिमीटर. आपण सुताचा काउंट जसा मानतो तसा मिस्त्रीने जेटचा नंबर मानायला हवा. जेट क्लीनरमध्ये बुडवून ठेवावा आणि हवेच्या दाबाने फुंकावा, तार कधी घालू नये.

थ्रॉटलची दांडी आपल्या भोकात डुगडुगत होती. वर्षानुवर्षे फिरून भोक झिजलेले. तेथूनही हवा चोरून आत जात होती. कार्बोरेटर लेथवाल्याकडे पाठवून पितळी बुश बसवला. कार्बोरेटरची बैठक वाकली होती, कारण कोणीतरी नट गरजेपेक्षा जास्त आवळले होते आणि कार्बोरेटरचा धातू नरम असतो. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, तेल टाकून, चाचांनी ती बैठक हाताने घासून सपाट केली. नवा पडदा, नवी सुई, सारी पॅकिंग नवी. फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे तो शाबूत होता. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली आणि नवा फिल्टर टाकला. टाकी धुतली नसती तर महिन्याभरात गंज पुन्हा जेटमध्ये गेला असता.

शेवटी इंजिन चांगले गरम करून मिक्श्चरचा स्क्रू लावला. दीड आटा बाहेरपासून सुरुवात. हळूहळू आत, इंजिन लडखडेपर्यंत. मग हळूहळू बाहेर, सूर लागेपर्यंत. चाचांनी डोळे मिटले होते. फक्त कान चालू होते.

हे काम घरी करणाऱ्यांना एक सांगणे. पेट्रोलची वाफ दिसत नाही. बिडी, सिगारेट, चुलीपासून लांब, उघड्या जागेत, बॅटरीची तार काढून काम करा.

नव्या पेट्रोलची नवी अडचण

आणखी एक गोष्ट जुन्या गाड्या आणि मोटारसायकली वापरणाऱ्या सर्वांच्या कामाची आहे. 2023 पासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि 2025 पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. जुन्या गाड्यांतले रबर आणि पॅकिंग त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, नरम पडतात किंवा चिरतात. कार्बोरेटरच्या नरम धातूवरही गंज चढतो.

दुसरे म्हणजे प्रमाण बदलते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. इथेनॉलला साधारण 9 भाग पुरते. 20 टक्के मिश्रणाला सुमारे 13.5. नव्या गाड्यांत सेन्सर आणि कॉम्प्युटर हे सांभाळून घेतात. कार्बोरेटरचा जेट मात्र ठरलेल्या भोकाचा असतो, तो तेवढेच पेट्रोल सोडतो. म्हणून गाडी थोडी भुकेली चालते, झटके देते आणि जास्त तापते. हिशेबाने 120 च्या जागी 125 नंबरचा जेट लागू शकतो. चाचांनी तो हिशेब कागदावर केला नाही. शंभर किलोमीटर चालवून प्लग पाहिले, टोके पांढरट दिसली, मोठा जेट एक नंबर वाढवला. पुन्हा चालवून पाहिले. आता तपकिरी. शास्त्र आणि अनुभव एकाच जागी पोहोचले.

जुनी गाडी ठेवणाऱ्याने रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या जातीच्या टाकून घ्याव्यात, आणि गाडी दोन-चार महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. खर्च थोडा, फायदा मोठा.

बिल आणि बरकत

एकूण बिल असे झाले. पॉइंट, कंडेन्सर, किट, नळ्या, फिल्टर आणि जेट मिळून 1,900 रुपये. लेथचे 500. चाचांची दोन दिवसांची मजुरी त्यांनी 1,500 सांगितली. मी 2,000 दिले, आणि तीन वर्षांपूर्वीचे 300 वेगळे काढून, माफी मागून दिले. ते घेताना चाचा म्हणाले, “मी ते विसरलो नव्हतो सेठ, पण मागणार नव्हतो.” हे ऐकून मला जे वाटले ते येथे लिहीत नाही.

गाडी आता पुन्हा 12 च्या वर जाते. राहुड घाट तिसऱ्या गिअरवर चढते. पी.यू.सी. च्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तिच्या वयाच्या गाड्यांना 3 टक्के आहे, त्याच्या खूप खाली ती उतरली.

कोणी विचारेल की एवढे करून जुनी गाडी ठेवावीच कशाला. प्रश्न रास्त आहे. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या. कुर्ल्यात 1964 पासून जी गाडी बनत होती ती बनणे बंद होऊनही पाव शतक उलटले. रोजच्या धंद्यासाठी मी कोणाला जुनी गाडी घ्या म्हणणार नाही. माझा मुद्दा गाडीचा नाही. मुद्दा हा की दोष शोधणे हे काम आहे, आणि त्याची मजुरी आपण देत नाही.

विचार करा. आपण मिस्त्रीला तपासणीचे पैसे दिले नाहीत तर त्याने पोट कसे भरावे? तो माल विकून भरील. मग तो दुरुस्त होणारी वस्तू बदलायला सांगेल, कारण बदललेल्या वस्तूवर त्याला नफा आहे आणि दुरुस्तीत नुसती घासाघीस. चांगल्या मिस्त्रीला आपणच सुट्या भागांचा दुकानदार बनवतो, आणि मग म्हणतो की प्रामाणिक मिस्त्री राहिले नाहीत. हेच लूमच्या फिटरचे, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचे, घड्याळजीचे, मोटार वाइंडिंगवाल्याचे. डॉक्टर नाडी पाहतो, औषध लिहितो, आपण फी देतो. ‘औषध तर दहा रुपयांचे होते’ असे तेथे म्हणत नाही.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही आपल्या नबी करीम (स.) यांची शिकवण आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. आपण कापड व्यापारी 60 आणि 90 दिवसांच्या उधारीत वाढलेले लोक. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत ते चालते, कारण दोघांजवळ भांडवल असते. मिस्त्रीजवळ भांडवल नसते. त्याची उधारी आपण ठेवतो तेव्हा संध्याकाळच्या त्याच्या घरच्या पिठाची उधारी ठेवतो.

कारागीर बंधूंना दोन शब्द

मजुरी मागायची तर तिच्या लायकही व्हावे लागते. हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

पहिली गोष्ट, तपासणीचा दर आधी सांगा आणि दुकानात पाटीवर लिहून लावा. ‘तपासणी 300 रुपये, काम आमच्याकडे केल्यास मजुरीत वळते.’ एवढ्या एका पाटीने निम्मी भांडणे मिटतील. काम झाल्यावर आकडा सांगणे म्हणजे ग्राहकाला संशय घ्यायला बोलावणे.

दुसरी गोष्ट, काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्या. नेवो की न नेवो. त्यातून विश्वास बसतो.

तिसरी गोष्ट, बिल लिहा. साध्या वहीवर का होईना, तारीख, काम, माल, मजुरी वेगळी. मजुरी मालात लपवू नका. लपवलेली मजुरी हळूहळू खोटी वाटू लागते, तुम्हालाही आणि ग्राहकालाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढल्याचा प्रसंग हदीसमध्ये आहे, तो धान्यवाल्यांपुरताच नाही. नकली सुई बसवून असलीचे पैसे घेणे हेही ओले धान्यच आहे.

चौथी गोष्ट, आपले हुनर लिहून ठेवा. चाचांच्या कार्बोरेटर किटमधला कागद इंग्रजीत होता. त्यांना तो वाचता आला नाही, मला उर्दू शाळेत शिकल्यामुळे अडखळत वाचता आला. पण त्या कागदावर नव्हते असे कितीतरी चाचांच्या हातात होते. ते कोठेच लिहिलेले नाही. त्यांचा शेवटचा शागिर्द दोन वर्षांपूर्वी मोबाइलवरून येणाऱ्या ऑर्डरी पोहोचवायला गेला. त्याला दोष कसा देणार? तेथे आठवड्याला पैसे मिळतात, येथे सेठ लोक तीन-तीन वर्षे थकवतात.

कार्बोरेटर जाईल, नजर राहील

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा आल्यावर नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ संपला. पण त्याआधी विकलेल्या मोटारसायकली आणि रिक्षा अजून रस्त्यावर आहेत. त्यांची दुरुस्ती काही वर्षे चालेल. त्यानंतर सेन्सर, इंजेक्टर आणि बॅटरीचे दिवस. तरुण कारागिरांनी यातून घाबरून जाऊ नये. इंजेक्शनच्या गाडीतही हवा, इंधन आणि ठिणगी हीच तीन आहेत. हवेची गळती तेथेही त्रास देते, तुंबलेला फिल्टर तेथेही उपाशी ठेवतो. ज्याला क्रमाने तपासायची सवय आहे तो स्कॅनर चार महिन्यांत शिकेल. ज्याला नाही तो स्कॅनरने जे नाव दाखवले तो सेन्सर बदलत बसेल.

म्हणून मुलांना आय.टी.आय. ला पाठवा, आणि सुटीत उस्तादाच्या हाताखालीही बसवा. ज्यांच्या हातात हुनर आहे पण कागद नाही, त्यांच्यासाठी पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. तिची चौकशी करा. दुकानाची उद्यम नोंदणी करून घ्या, तिला पैसे पडत नाहीत. 2023 सालच्या विश्वकर्मा योजनेत लोहार, शिंपी, कुलूपवाले असे 18 व्यवसाय घेतले आहेत, मोटार मिस्त्री त्यात नाही. माझ्या मते तो असायला हवा होता. ही मागणी आपल्या संघटनांनी, आपल्या नगरसेवकांनी आणि आमदारांनी लावून धरावी.

हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि चिलखताच्या कड्या मापाने जोडायला सांगितले गेले, याचा उल्लेख कुरआन शरीफात आहे. एक पैगंबर हाताने लोखंड घडवतो आणि मापाला चुकत नाही, ही आपल्या कारागिरांची परंपरा आहे. मिस्त्रीच्या काळ्या हातांना आपण ज्या नजरेने पाहतो ती नजर या परंपरेशी जुळते का, हे प्रत्येकाने आपले पाहावे.

व्यापारी बंधूंना माझी विनंती साधी आहे. आपापली वही काढा. कोणत्या फिटरचे, कोणत्या मिस्त्रीचे, कोणत्या लेथवाल्याचे किती थकले आहे ते पाहा, आणि येत्या जुम्म्याच्या आत देऊन टाका. पुढच्या वेळी कोणी तुमचे यंत्र अर्धा दिवस पाहून ‘यात दहा रुपयांची वायर तुटली आहे’ असे सांगेल, तेव्हा वायरचे दहा द्या आणि अर्ध्या दिवसाचे वेगळे द्या.